प्रतिसाद: फोम पातळ येतोय? केमिकलला दोष देण्याआधी

निपाणीहून वर विचारलंय की गाड्या धुताना शॅम्पू तोच, कॅन तोच, तरी फोम पाण्यासारखा का येतो. बहुतेक वेळा दोष इंजेक्टरकडे (पाण्याच्या जोरावर शॅम्पू ओढून मिसळणारा भाग) असतो, शॅम्पूकडे नाही.

आधी मोजा. शॅम्पू मापाच्या नळकांड्यात घ्या, सक्शन पाइप (शॅम्पू ओढणारी नळी) त्यात सोडा आणि बाहेर येणारं बादलीत धरा. 20 लिटरमागे 200 मिली उतरलं तर प्रमाण साधारण 1:100. कमी उतरलं की पाइपच्या टोकाचा फूट व्हॉल्व्ह (जाळीची झडप) काढा. जाळीवर शॅम्पूचा चिकट साका बसलेला दिसेल. लाल मातीचा गाळ मात्र बहुतेक पाण्याच्या बाजूने येतो, त्यामुळे तिकडचा फिल्टरही बघा.

पाइपमध्ये बुडबुडे धावत असतील तर हवा ओढतेय. कडक झालेलं टोक अर्धा इंच कापून पुन्हा बसवा, क्लिप आवळत बसू नका.

आपल्या बेळगाव भागात बोअरचं पाणी जड. व्हेंचुरीच्या (इंजेक्टरमधला अरुंद भाग) बारीक भोकात पांढरा क्षार धरतो आणि ओढ जाते. साध्या पाण्याने नीट धुऊन एक लिटर कोमट पाण्यात 50 ग्रॅम सायट्रिक अ‍ॅसिड घाला, इंजेक्टर त्यात अर्धा तास बुडवा. ब्लीचजवळ अ‍ॅसिड नको, विषारी क्लोरीन सुटतो. तार घालून भोक कोरू नका. ते मोठं झालं की प्रमाण कायमचं बिघडलं.

ओ-रिंग (गळती रोखणारी रबरी कडी) बदलताना ईपीडीएम रबराच्या रिंगला साधं ग्रीस लावलं तर ती फुगते. सिलिकॉन ग्रीसच वापरा. रिंग बेळगावच्या उद्यमबाग औद्योगिक वसाहतीत मिळेल, पण जुनी सोबत न्या.