पाळणाघर भाड्याच्या घरात : तोंडी होकारावर राहू नका

ताई, घरमालक तोंडी 'हो' म्हणालेत, मग कागद कशाला, असं तुम्ही विचारलंय. कागद हवाच. बेळगावच्या टिळकवाडीत भाड्याच्या घरात मी ६ वर्षं पाळणाघर चालवते. आधीच्या घरी मालककाकांचा होकार होता. ते वारले आणि त्यांच्या मुलाने महिन्याभरात घर रिकामं करायला लावलं. ११ पोरांच्या आया दारात उभ्या आणि माझ्याकडे उत्तर नाही. करारात 'फक्त राहण्यासाठी' एवढंच होतं ना! १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण कायद्याचं कलम १०८ हेच सांगतं की ज्या कामासाठी जागा घेतली, त्याहून वेगळ्या कामाला भाडेकरूने ती वापरू नये. म्हणून 'राहणे व पाळणाघर' हे शब्द, मुलांची संख्या, वेळ, सगळं लिहून घ्या. करार कन्नडमध्ये असेल तर सहीआधी जाणकाराकडून ओळ न् ओळ समजून घ्या. हेस्कॉमचं, म्हणजे वीज कंपनीचं, मीटर घरगुती असेल, तर ते पाळणाघराला चालेल का, हेही आधीच बोला.

आणि घर तळमजल्याचंच बघा. आपल्याकडचा जुलैचा पाऊस, ओली शहाबादी फरशी आणि झोपेतून उठून 'आई' करत दाराकडे धावलेलं दोन वर्षांचं पोर मी एकदा जिन्याच्या पहिल्या पायरीवर धरलंय. दुसऱ्याच दिवशी मालकांना विचारून फाटक बसवलं.