समृद्धी महामार्गावरून ठाणे ते नागपूर, दोन मुलं आणि सासूबाई : कुठे कुठे थांबावं?

नमस्कार मंडळी,

तुळशीची लग्नं लागली की लगेच नागपूरला घरचं लग्न आहे. रेल्वेची तिकिटं वेटिंगवर लटकली आहेत, विमानाचे पाच जणांचे दर बघून नवऱ्याने लॅपटॉपच मिटला. तेव्हा गाडी काढायची ठरली आहे. ठाण्याहून आमणेला जाऊन समृद्धीवर चढायचं आणि नागपूर. इगतपुरी ते आमणे हा शेवटचा टप्पा जून २०२५ मध्ये सुरू झाला तेव्हापासून जो तो सांगतोय, "७०१ किलोमीटर, आठ तासांत पोचाल." हे आठ तास ज्याला चहासुद्धा लागत नाही अशा एकट्या माणसाचे असावेत.

आमची वरात अशी : थोरली सात वर्षांची, तिला गाडी लागते. धाकटा तीन वर्षांचा, नुकताच डायपरमधून सुटलाय, "शू आली" म्हणाला की पाच मिनिटंही दम निघत नाही. सासूबाईंचे गुडघे दुखतात, त्यांना कमोडच लागतो. गाडी आम्ही दोघं आलटून पालटून चालवू.

जुन्या रस्त्याला ढाबा दिसला की गाडी वळवता यायची. समृद्धीवर दोन्हीकडे कुंपण, कडेला उगाच थांबायला बंदी, आणि ती योग्यच आहे. पण मग मुलांचं काय करायचं? मागे शिर्डीपर्यंत गेलो होतो तेव्हा वाटेत एका पंपावर थांबलो. दाराला कडी नाही, नळाला पाणी नाही, कोपऱ्यात तळाशी चार बोटं पाणी असलेली बादली. सासूबाई उंबऱ्यावरूनच माघारी आल्या आणि पुढे पाऊण तास कुणाशी बोलल्या नाहीत.

कुठल्या इंटरचेंजला उतरावं? जेवण कुठे? एका दमात जावं की मुक्काम करावा? आणि रात्री निघू नका हे कृपया सासूबाईंच्या बाजूने कुणीतरी लिहा, नवऱ्याला दाखवायचं आहे.

रोजचा चालक :
ताई, सासूबाईंचं शंभर टक्के बरोबर आहे. समृद्धीवर खरी भीती झोपेची. सरळसोट रस्ता, ना सिग्नल ना वळण, डोळे उघडे असतात आणि डोकं झोपलेलं असतं. जुलै २०२३ मध्ये सिंदखेडराजाजवळ बस जळून २५ माणसं गेली, तो अपघात मध्यरात्रीनंतरचाच. पहाटे निघा. दर दीड-दोन तासांनी चालक बदला, झोप आली नसली तरी.

टायरमधली हवा निघायच्या आधी, टायर थंड असताना बघा. मोटारींना १२० ची मर्यादा आहे म्हणून १२० ला पळवलीच पाहिजे असं नाही. भरल्या गाडीला ९०-१०० पुरे.

सिन्नरकर :
महामार्गावरच्याच सोयीवर विसंबू नका, खाली उतरा. टोल अंतरावर आहे, बाहेर पडताना फास्टॅगमधून कापला जातो. मध्ये उतरून पुन्हा चढलात म्हणून फार फरक पडत नाही. हे बऱ्याच जणांच्या डोक्यात नसतं आणि टोल वाचवायला पोरांना रोखून धरतात.

पहिला थांबा सिन्नर. गोंदे इंटरचेंजला उतरलात की नाशिक-पुणे हायवे लागतो, तिथे बऱ्यापैकी हॉटेलं आहेत. आधी चहा सांगा, मग स्वच्छतागृह विचारा, म्हणजे किल्ली हसतमुखाने मिळते. त्याआधी इगतपुरीचा जुळा बोगदा लागेल, जवळजवळ आठ किलोमीटरचा. तीन वर्षांच्या मुलाला त्याच्या आधीच आठवण करा. बोगद्यात "शू आली" झालं तर काही उपाय नाही. शिर्डीला मात्र देवदर्शन नसेल तर उतरू नका, विशेषतः गुरुवारी.

दोन पोरांची आई :
बोगद्यावर उपाय आहे, प्रवासी पॉटी. घडीची मिळते, तिला पिशवी लावायची. गाडी इंटरचेंजच्या बाहेर, सुरक्षित जागी लावून मागचं दार उघडायचं, दोन मिनिटांत काम होतं. आणि "शू आली का?" असं विचारू नका, उत्तर कायम "नाही" येतं. गाडी थांबली की सगळ्यांनी उतरायचं, सगळ्यांनी जायचं, आई-बाबांनीसुद्धा. प्रवासापुरता डायपर परत लावू नका असं सांगणारे खूप भेटतील, पण मी लावला असता. महिन्याभराची सवय एका दिवसात मोडत नाही.

थोरलीसाठी : मोबाईल आणि पुस्तक बंद, नजर समोर रस्त्यावर. निघताना पोट रिकामंही नको आणि दुधाने भरलेलंही नको. आमच्याकडे कोरडी दशमी आणि आलेपाकाची वडी चालते. धाकट्याला वडी देऊ नका, घशात अडकते. उलटीचं औषध द्यायचं असेल तर मुलांच्या डॉक्टरांना आधी विचारा. झाकणाचा डबा तिच्या पायाशी हवा, डिकीत ठेवलेला डबा काही कामाचा नाही.

रोजचा चालक :
धाकट्याला कारसीट आहे ना? लग्नाच्या घाईत मांडीवर घेऊन बसतात लोक. १४ वर्षांखालच्या मुलाला पट्टा किंवा मुलांची सीट नसेल तर १००० रुपये दंड आहे, पण दंडाचं सोडा. १०० च्या वेगात करकचून ब्रेक लागला तर मांडीवरचं मूल हातात राहत नाही. "रडतोय, जरा काढू या" हे चालत्या गाडीत नाही, थांब्यावर.

वऱ्हाडी पाहुणा :
एक गोष्ट कोणी सांगत नाही : ऊन. नागपूर पूर्वेला. पहाटे निघालात की सूर्य उगवल्यापासून समोर, आणि नोव्हेंबरात तो दक्षिणेला कललेला, म्हणजे तुमच्या उजव्या हाताला. दुपार होईपर्यंत उजव्या खिडकीत बसलेला भाजून निघतो. ज्याची झोप महत्त्वाची त्याला डावीकडे बसवा आणि काचेला जाळीचा पडदा लावा. परतताना दुपारनंतर तोच सूर्य पुन्हा डोळ्यांत, म्हणून परतीला अंधाराच्या आधी दोन तास गाडी थांबेल असं बघा.

मुक्कामाचं म्हणाल तर आजी आणि तीन वर्षांचा मुलगा असताना करावाच. छत्रपती संभाजीनगरला माळीवाड्याला उतरा, दौलताबादचा किल्ला तिथून जवळच. सासूबाईंनी खाली बसून पेरू खावा, तुम्ही पोरांना घेऊन थोडं वर जा, पोरं दमली की रात्री आपोआप झोपतात. मुक्काम नको असेल तर जेवण जालन्याला घ्या, साधारण निम्मा रस्ता तिथे होतो. तिथून पुढे पोटात अन्न, बाहेर सारखाच देखावा आणि गाडीत शांतता, हा सगळ्यात धोक्याचा पट्टा. जेवल्या जेवल्या स्टेअरिंगवर बसू नका.

ठाण्याची सूनबाई (धागाकर्ती) :
सगळ्यांचे आभार. नवऱ्याला वाचून दाखवलं, रात्रीचा बेत रद्द! आता असं ठरतंय : पहाटे पाचला निघायचं, पहिला थांबा सिन्नर, मग दौलताबाद, मुक्काम संभाजीनगर. दुसऱ्या दिवशी नाश्ता करून निघायचं आणि मध्ये एकच मोठा थांबा. तो सिंदखेडराजाला घ्यावा का? थोरलीला शाळेत जिजाऊ शिकवल्यात, तिला जन्मस्थान बघायचंय.

वऱ्हाडी पाहुणा :
जरूर घ्या. लखुजीराजे जाधवांचा वाडा, जिजाऊंचं जन्मस्थान, मोकळं आवार, पोरांना पळायला जागा. सासूबाईंना पायऱ्या टाळून बसता येईल अशी सावली पाहून ठेवा. लोणारचा मोह मात्र ठेवू नका. मेहकरवरून जवळ दिसतं, पण जाऊन-येऊन अर्धा दिवस मोडतो आणि गुडघेदुखीवाल्यांना काठावरूनच बघावं लागतं. ते परतीसाठी ठेवा.

आणि तहान-भुकेचं गाडीतच ठेवा. कारंज्यानंतर वर्ध्यापर्यंत मोठ्या गावाच्या आशेवर राहू नका. पेट्रोलची टाकी अर्ध्याखाली आली की दिसेल त्या पंपावर भरा.

दोन पोरांची आई :
वर्ध्याला थांबलात तर गोरसपाक घ्या, कोरडा खाऊ आहे, थोरलीला बाधणार नाही. सेवाग्राम आश्रम जवळच आहे, सपाट, झाडं भरपूर. आजींना सगळ्यात आवडेल तो थांबा तोच असेल. फक्त नागपूरच्या माणसांना पोचायची वेळ सांगताना दोन तास वाढवून सांगा, नाहीतर शेवटच्या पन्नास किलोमीटरला "कुठे पोचलात" असे फोन सुरू होतात आणि चालवणाऱ्याचं लक्ष जातं.

ठाण्याची सूनबाई (धागाकर्ती) :
हे खरंच झालंय आमच्याकडे :-) सासूबाईंना सांगून ठेवते, फोन त्यांच्याकडे. घडीची पॉटी आज मागवली. कमोडवाली जागा सिन्नरला आणि सिंदखेडराजाच्या आसपास कुणाला खात्रीने माहीत असेल तर अजूनही सांगा, मी धागा बघत राहीन.