शब्द नव्हता म्हणून बाई गप्प होती?

जुनापेटारा:
काल कुणीसं ठोकून दिलं, "ताराबाई शिंद्यांना स्त्रीवादी म्हणू नका, तेव्हा हा शब्दच नव्हता." डोक्यातून जाईना. अहो, कलम ४९८अ १९८३ साली आलं; त्याआधी सासरी छळ नव्हता का? १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी नावाच्या विधवेला बाळ मारलं म्हणून फाशी सुनावली. अपिलात ती काळ्या पाण्यावर आली, पण पेपरांनी तमाम बायकांवर चिखलफेक करून घेतली. बुलढाण्याच्या या ताराबाईने १८८२ मध्ये 'स्त्री-पुरुष तुलना' छापून विचारलं, हे सगळे दोष बायकांच्याच अंगी का? अजून काय करायला हवं होतं तिने, मोर्चा?

सरळरेघ:
ते वाक्य माझंच. तक्रार होती, 'वाद' नव्हता. १९७५ मध्ये स. गं. मालशेंनी परत छापेपर्यंत ते पुस्तक कुणाच्या खिजगणतीत होतं?

जुनापेटारा:
जोतीरावांनी १८८५ साली 'सत्सार'मध्ये तिची बाजू घेतली. ते 'कुणी'त धरत नाही वाटतं!

विदर्भकर:
मूळ घोळ वेगळाच आहे. विधवांचा प्रश्न पांढरपेशांचा. आमच्यात विधवेचा पाट लागायचा, म्हणजे दुसरं लग्न.

खडूस:
आलात जातीवर! विधवेच्या लग्नाला बंदी कुळीच्या मराठ्यांतही आहे, हे ताराबाईंनीच लिहिलंय. आधी वाचा. आणि पाट लागला की बाई सुटली? रखमाबाईंच्या आईने दुसरं लग्न केलं, सुतारांत चालायचं. तरी लेकीला अकराव्या वर्षी बोहल्यावर चढवलंच ना? १८८७ ला कोर्ट म्हणालं, नांदायला जा नाहीतर सहा महिने तुरुंग. ती म्हणाली, तुरुंग.

विदर्भकर:
मला नका शिकवू. माझ्या पणजीचा पाट लागला होता. पाटाची म्हणून पोटच्या लेकीला हळद लावू दिली नाही तिला. मागच्या दारी पाट्यावर ती हळद मात्र तिनेच वाटली. रात्री तेच पिवळे हात घेऊन मांडवात शिरली आणि लेकीच्या दोन्ही गालांना पुसले. सगळ्यांदेखत.

खडूस:
तुम्ही नक्की कुणाच्या बाजूने भांडताय?

विदर्भकर:
माझ्या! तिला स्त्रीवादी म्हणाल तर वरवंटा फेकून मारेल.

सरळरेघ:
बघा, हेच म्हणत होतो मी.

जुनापेटारा:
फेकून मारेल ना? मग झालं तर. आम्हीही तेच म्हणतोय.