जुनी टर्बो पेट्रोल गाडी गरम झाल्यावर आयडलिंगला थरथरते, एअरफ्लो सेन्सर बदलण्याआधी मदत हवी आहे

मंडळी, जरा सविस्तर लिहितोय, कारण अर्धवट माहितीवर कोणालाच नीट सांगता येत नाही. गाडी १९९३ ची आहे, २ लिटर, चार सिलेंडर, टर्बो, मल्टिपॉइंट इंजेक्शन आणि एअर फिल्टरच्या लगेच मागे एअरफ्लो सेन्सर (आत येणारी हवा मोजणारा). ओबीडी-२ (स्कॅनर जोडायची प्रमाणित सोय) नाही, त्यामुळे स्कॅनर लावून फ्युएल ट्रिम (गाडीने आपोआप केलेली पेट्रोलची कमी-जास्त) बघता येत नाही, फक्त चेक इंजिनच्या लाइटच्या लुकलुकण्यावरून कोड मोजायचे, आणि कोड एकही नाही.

त्रास असा की सकाळी थंड असताना एका झटक्यात चालू होते, आयडलिंगही ठीक वाटतं, पण टेंपरेचरचा काटा मध्यावर आला की आरपीएम ६०० ते १००० च्या मध्ये वर-खाली व्हायला लागतो, स्टिअरिंग थरथरतं आणि एसी लावला तर ५०० वर येऊन कधीकधी बंदच पडते. खरं तर आयडलिंग ८५० ला असायला हवं. रस्त्यावर मात्र छान पळते, बूस्टमध्ये (टर्बो हवा दाबून भरत असताना) मिसिंग अजिबात नाही, फक्त ओढ पूर्वीपेक्षा किंचित कमी वाटते आणि जोरात ॲक्सिलरेटर दिला की मागून थोडा काळा धूर येतो.

आतापर्यंत केलेलं सांगतो. प्लग नवीन टाकले आणि गॅप ०.७ मिमी ठेवला (टर्बोमध्ये सिलेंडरचं प्रेशर जास्त असतं, गॅप मोठा ठेवला तर बूस्टमध्ये स्पार्क विझतो). वायरी नवीन. थ्रॉटल बॉडी आणि आयडल व्हॉल्व्ह काढून साफ केले, कार्बन भरपूर होता, पण फरक शून्य. कूलंट टेंपरेचर सेन्सर मोजला, थंड असताना साधारण २.३ किलोओहम आणि गरम झाल्यावर ३०० ओहमच्या आसपास, म्हणजे तो बरोबर आहे. फ्युएल प्रेशर रेग्युलेटरची व्हॅक्यूमची नळी काढून ३ बार आणि लावून २.५ बार, नळीत पेट्रोलचा वासही नाही, म्हणजे डायफ्रॅम फाटलेला नाही.

मला गोंधळात टाकणारी गोष्ट इथून पुढे आहे. जुने प्लग काढले तेव्हा काळे होते, त्यामुळे गॅरेजवाले गाडी रिच (हवेच्या मानाने पेट्रोल जास्त) चालतेय असं सांगून इंजेक्टर आणि एअरफ्लो सेन्सर दोन्ही बदला म्हणाले. मी घरी येऊन ऑक्सिजन सेन्सरच्या वायरला डिजिटल मल्टिमीटर लावला, तर गरम आयडलिंगला तो ०.१ ते ०.२ व्होल्टवरच बसून राहतो, म्हणजे लीन, हवेच्या मानाने पेट्रोल कमी! २५०० आरपीएमला धरलं की मात्र ०.२ ते ०.८ मध्ये व्यवस्थित नाचतो. व्हॅक्यूम गेज १५ इंच (पाऱ्याचे) दाखवतोय, निरोगी इंजिनला १७ ते २२ असतो. आणि एअरफ्लो सेन्सरचा कनेक्टर काढला तर आयडलिंग सुधारतं!

आता कनेक्टर काढल्यावर सुधारलं म्हणजे सेन्सरच खराब असं लगेच म्हणता येत नाही असं मला वाटतं, कारण सिग्नल गेला की ईसीयू (इंजिनचा कंप्युटर) ठरलेल्या हिशोबाने अंदाजे पेट्रोल टाकतो आणि ते जास्तच असतं, त्यामुळे चोरून येणारी हवा झाकली जाते. थंड असताना गाडी ठीक वाटण्याचं कारणही तेच असावं, तेव्हा मिक्स्चर मुद्दामच रिच असतं. म्हणून माझा संशय हवेच्या गळतीवर आहे. इंटरकूलरचे सगळे पाईप तपासले, पण आयडलिंगला त्या भागात प्रेशर जवळपास बाहेरच्या हवेइतकंच असतं, तिथल्या बारीक भोकाने एवढं थरथरणार नाही. गळती थ्रॉटलच्या पुढे, मॅनिफोल्डच्या (सिलेंडरांना हवा वाटून देणारा भाग) बाजूला हवी. ब्रेक बूस्टरची नळी चिमटून बघितली, फरक नाही. बायपास व्हॉल्व्हचीही चिमटली, फरक नाही. कार्ब क्लीनर मारून गळती शोधतात ते मला करायचं नाही, टर्बो तिथेच लालभडक गरम असतो आणि आग लागायला वेळ लागत नाही, म्हणून मॅनिफोल्डच्या सांध्यांवर साध्या पाण्याचा फवारा मारला (टर्बो आणि एक्झॉस्टपासून लांब), तिथेही काही नाही.

प्रश्न एवढाच की आणखी कुठे बघू? सेन्सर महाग आहे आणि अंदाजाने पार्ट बदलत बसायचं नाही.

अपडेट, तीन दिवसांनी:

ज्यांनी ऑइल भरायचं झाकण चालू गाडीवर उघडून बघा असं सांगितलं त्यांचे मनापासून आभार. झाकण उघडलं आणि आयडलिंगमध्ये काहीच फरक पडला नाही. एअरफ्लो सेन्सरच्या गाडीत तो पडायलाच हवा, कारण न मोजलेली हवा क्रँककेसमधून (इंजिनचा खालचा, ऑइलचा भाग) पीसीव्हीमार्गे (तिथली वाफ परत मॅनिफोल्डकडे नेणारा व्हॉल्व्ह) मॅनिफोल्डमध्ये जाते. म्हणजे मॅनिफोल्ड हवा दुसरीकडूनच ओढत होतं. मग पीसीव्हीची नळी चिमटली, व्हॉल्व्हच्या बाजूला फरक नाही, पण मॅनिफोल्डच्या तोंडाशी चिमटली आणि इंजिन एकदम शांत! नळी बाहेर काढली तर खालच्या बाजूला बोटभर लांब चीर, ऑइलने रबर फुगून मऊ झालेलं, आणि ती मॅनिफोल्डच्या खाली असल्यामुळे माझं पाणी तिथे पोचलंच नव्हतं.

काळ्या प्लगचं कोडंही सुटलं. आयडलिंगला त्याच चिरेतून न मोजलेली हवा आत यायची म्हणून लीन, आणि बूस्टमध्ये मोजून झालेली हवा तिथूनच बाहेर पडायची म्हणून रिच, काळा धूर आणि कमी ओढ. दोन उलट लक्षणं, भोक एकच. ऑइल आणि बूस्ट दोन्ही सहन करणारी नळी टाकली, पीसीव्ही व्हॉल्व्हही नवीन टाकला, आता व्हॅक्यूम १८ इंच, आरपीएम ८५० ला स्थिर, एसी लावला तरी बंद पडत नाही. एअरफ्लो सेन्सर जुनाच आहे.

पण अजून बारीकशी थरथर आहे, तालात येणारी, आणि व्हॅक्यूमचा काटाही त्याच तालात किंचित हलतो. आयडल व्हॉल्व्हचा कनेक्टर काढून (नाहीतर ईसीयू आरपीएम सांभाळून घेतो आणि काही कळत नाही) एकेका इंजेक्टरचा कनेक्टर काढला. १, २ आणि ४ ला आरपीएम शंभराच्या आसपास पडतो, ३ ला जेमतेम ४०. स्पार्क आहे, तिसऱ्याची वायर आणि प्लग पहिल्याशी अदलाबदल केले तरी तिसराच कमजोर. कॉम्प्रेशन थ्रॉटल पूर्ण उघडून आणि सगळे प्लग काढून १५०, १५२, १३८, १४८ पीएसआय. तिसऱ्यात चमचाभर ऑइल टाकून परत मोजलं तर १४०, म्हणजे दोष पिस्टनच्या रिंगांचा नसावा.

तर आता तिसरा इंजेक्टर पहिल्याशी अदलाबदल करून बघू, की आधी लीक-डाउन टेस्ट (सिलेंडरमध्ये दाबाची हवा भरून गळती बघणं) करून हवा इनटेकमधून फुसफुसते की एक्झॉस्टमधून ते ऐकू? इंजेक्टर काढायचा तर फ्युएल रेल उतरवून ओ-रिंग नवीन टाकावे लागतील, आणि काटा तालात हलतोय त्यामुळे माझा कल व्हॉल्व्हकडे आहे. ज्यांनी ०.१ व्होल्टच्या आणि थरथरीच्या भानगडी स्वतः सोडवल्या आहेत त्यांनी कृपया सांगा, रविवारी बॉनेट उघडायचंय.