मदत हवी आहे: सिस्टिक फायब्रोसिस, फुप्फुसातली बुरशी आणि आमचं पावसाळ्यातलं घर

नमस्कार. आम्ही राजापूर तालुक्यातले. मुलगा ९ वर्षांचा, सिस्टिक फायब्रोसिस आहे, म्हणजे जन्मजात आजार: कफ चिकट-घट्ट होतो, घाम जास्त खारट असतो. (तान्हा असताना सासूबाई म्हणायच्या, "ह्याचा मुका घेतला की मीठ लागतं." निदानाला पुढे ३ वर्षं गेली.) पचनासाठी एन्झाइमच्या कॅप्सूल, नेब्युलायझर, पाठ थोपटणं आता अंगवळणी पडलंय.

गेल्या श्रावणात खोकला वाढला, छाती वाजायला लागली, कफात तपकिरी गुठळ्या. अँटिबायोटिकचे दोन कोर्स झाले, फरक शून्य. शेवटी कोल्हापूरला नेलं. आयजीई (रक्तातली ॲलर्जीची तपासणी) २०००च्या वर, ॲस्परजिलस या बुरशीची तपासणी पॉझिटिव्ह. एबीपीए म्हणाले. म्हणजे बुरशी फुप्फुस पोखरत नाहीये, अंगाला तिचं वावडं आहे. म्हणून प्रेडनिसोलोन (स्टेरॉइड), जोडीला इट्राकोनॅझोल (बुरशीवरचं औषध). छाती मोकळी झाली. गाल मात्र मोदकासारखे फुगलेत आणि रात्री ११ ला भाकरी मागतो.

औषधाचं डॉक्टर बघतील, माझा प्रश्न घराचा आहे. चिऱ्याचं कौलारू घर, जूनपासून भिंतींना ओल. गोठा लागूनच, माळ्यावर पेंढा. भिजलेला पेंढा, शेणखत, कुजका पाला यांत हीच बुरशी वाढते. आणि गुरांना पेंढा घालायला आमचे चिरंजीव आजोबांच्या पुढे! मामंजी म्हणतात, "आमच्या चार पिढ्या ह्याच पेंढ्यात वाढल्या." वाढल्या हो, पण त्यांचा कफ डिंकासारखा नव्हता. कसं समजवू?

शिवाय नेब्युलायझरचे भाग उकळते, पण पावसात ते वाळतच नाहीत. चार महिने मुलाला घाटावर ठेवावं का? शाळेचं काय?

प्रतिसाद, चिपळूणहून:
ताई, आमच्या मुलीचंही हेच. घाटावर नका पाठवू, ही बुरशी तिथल्या हवेतही असते. आम्ही पेंढा माळ्यावरून काढून घरापासून लांब उडवी रचली. मुलगी गाईला हाक मारते, पण लांबून. भाग उकळून झटकते, स्वच्छ कापडावर पंख्याखाली ठेवते. लाईट असली तर!
इट्राकोनॅझोलची कॅप्सूल असेल तर भरल्या पोटी, सिरप असेल तर उपाशीपोटी. ॲसिडिटीची गोळी चालू असली तर कॅप्सूल नीट लागू पडत नाही. बुडेसोनाइडचा पंप असेल तर लगेच विचारा, इट्राकोनॅझोलमुळे त्यातलं स्टेरॉइड अंगात साठतं. मनाने काही बंद करू नका मात्र.

धागालेखिका:
पंप आहे! बुडेसोनाइडचाच, आधीच्या डॉक्टरांनी दिलेला. कोल्हापूरला सांगायचं राहूनच गेलं. म्हणजे गाल नुसते प्रेडनिसोलोनचे नसतीलही. सकाळी पहिला फोन तिकडेच करते.