दोन निळे डायोड लेसर एका बिंदूवर आणताना

प्रश्न : कोथरूडकर

नमस्कार. गणपतीच्या मखरासाठी ३ मिमी एमडीएफ (लाकडाचा भुसा दाबून केलेला बोर्ड) कापता यावे म्हणून मी घरीच एक यंत्र उभे केले असून त्यावर ४५० नॅनोमीटरचा, सुमारे ५ वॅटचा निळा डायोड बसवला आहे. एक्स दिशेने काप आरपार जातो. वाय दिशेने मात्र तोच वेग ठेवूनही काप रुंद होतो, कडा काळवंडतात आणि तळाशी पापुद्रा शिल्लक राहतो. भिंगातून पाहिले तर जळालेला ठिपका गोल नसून एक्स दिशेला ताणलेली, सुमारे ०.४ मिमीची रेघ दिसते. तसाच दुसरा डायोड आता हाताशी आला आहे. दोन्हींचे किरण अर्धपारदर्शक आरशाने एकत्र केले, तर ताकद दुप्पट होईल का?

उत्तर १ : भोसरीचा फिटर

होणार नाही. अशा आरशातून प्रत्येक किरणाचा निम्मा भाग दुसऱ्या तोंडाने निघून जातो, म्हणजे दहा वॅट आत घालून कापायला पुन्हा पाचच उरतात.

रेघ दिसते, कारण डायोडचे तोंडच रेघेसारखे असते : जाडी जेमतेम १ मायक्रॉन आणि रुंदी, आपल्या प्रकारच्या डायोडमध्ये, ३०-४० मायक्रॉन. भिंगे त्याच तोंडाची प्रतिमा लाकडावर पाडतात. किरण समांतर करणारे भिंग ४ मिमीचे आणि शेवटचे ४० मिमीचे असेल, तर प्रतिमा दहापट होते, आपली ०.४ मिमी तिथून आली. शेवटचे भिंग २० मिमीचे घेतल्यास रेघ निम्मी होईल, मात्र फोकसची खोली (ठिपका बारीक राहतो ते अंतर) जवळपास चौथाईवर येईल आणि धूरही भिंगाच्या जवळ येईल. रेघेच्या लांबीच्या दिशेने डोके सरकते, तेव्हा प्रत्येक जागा अधिक काळ तापते, म्हणून आपला एक्सचा काप चांगला येतो.

उत्तर २ : औंधहून

वरील उत्तराशी सहमत आहे. दोन डायोड जोडायचे असतील, तर ध्रुवीकरणाचा, म्हणजे प्रकाशलहरी कोणत्या दिशेने कंप पावतात त्याचा, आधार घ्यावा. दोन्ही किरण एकाच दिशेने ध्रुवित असतात. त्यांपैकी एकाच्या वाटेत अर्धतरंग पट्टिका (ही कंपनाची दिशा वळवणारी पातळ चकती) ४५ अंशांवर ठेवली की त्याचे ध्रुवीकरण ९० अंशांनी वळते, आणि मग ध्रुवीकरण घन, म्हणजे खास काचेचा ठोकळा, एकाला आरपार सोडतो, तर दुसऱ्याला परावर्तित करून त्याच वाटेला लावतो. पट्टिकेचा खर्च टाळण्यासाठी काही जण डायोडच आडवा बसवतात. त्याने काम होते, पण रेघही फिरते आणि ठिपक्याचा अधिकचिन्हासारखा आकार होतो. (दोन्ही दिशांना सारखा काप हवा असेल, तर तो दोष मानण्याचे कारण नाही.)

ही युक्ती दोन किरणांपुरतीच चालते. त्याहून अधिक हवे असल्यास लहान आरशांनी किरण एकमेकांशेजारी, पातळ बाजूने रचावे लागतात. परस्परांशी समांतर असलेले किरण भिंगातून एकाच बिंदूवर येतात. खरी परीक्षा समांतरतेचीच असते : १ मिलिरेडियनचा (सुमारे ०.०६ अंशाचा) कल राहिला, तरी ४० मिमीच्या भिंगाखाली ठिपका ०.०४ मिमी सरकतो. म्हणून डायोड अगदी मंद ठेवून दोन्ही ठिपके प्रथम घनाजवळ आणि नंतर पाच मीटरवरच्या भिंतीवर जुळवावेत. जवळ जुळतात आणि लांब फाकतात, असे दिसले तर कल चुकलेला आहे. घन डिंकाने जोडलेला नसावा. तो जोड जळतो.

जुळवणी करताना घनाच्या चौथ्या तोंडातूनही थोडा प्रकाश निसटतो, तिथे काळा केलेला धातूचा तुकडा लावावा. ४५० नॅनोमीटरसाठीचा, ओडी ६ चा (म्हणजे त्या प्रकाशाचा दहा लाखांवा भागच आत सोडणारा) चष्मा प्रत्येक वेळी घालावा. पारदर्शक ॲक्रिलिकच्या झाकणातून निळा प्रकाश सहज आरपार जातो.

कोथरूडकर

आभारी आहे. पुण्याच्या तापकीर गल्लीत अर्धतरंग पट्टिका विचारली, तर दुकानदाराने मोबाइलची काच पुढे केली! तूर्तास दुसरा डायोड आडवा बसवूनच पाहतो, आणि त्याआधी २० मिमीचे भिंग लावून पहिल्याची रेघ मोजतो.