अनुभव धागा : नैरोबी नॅशनल पार्क आणि आफ्रिकेतली तसलीच छोटी जंगलं

पिंपळपान

परवा एका लग्नात पंगतीला शेजारच्या काकांनी विचारलं, "केनियात होतात म्हणे? मसाई मारा केलंत?" नाही म्हटलं. "मग काय पाहिलंत हो तिथे!" एवढं बोलून ते मठ्ठ्याच्या वाटीकडे वळले. तेव्हापासून डोक्यात नैरोबी पार्क घोळतंय, म्हणून हा धागा.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी : ११७ चौरस किलोमीटर, बस्स. १९४६ साली झालेलं केनियातलं पहिलं नॅशनल पार्क, शहराच्या मध्यापासून जेमतेम सात किलोमीटरवर. तीन बाजूंना कुंपण, दक्षिणेला मबागाथी नदी आणि पलीकडे कितेंगेलाची मैदानं. हत्ती नाहीत. सिंह, बिबट्या, गेंडे, रानरेडे सगळे आहेत. आणि आपली गाडी आपण चालवत आत जाता येतं, हे मला फार भारी वाटायचं. ना बुकिंगची मारामारी, ना गाइडची बडबड. शनिवारी सकाळी सहाला गेटवर, दहाला घरी येऊन कुकर लावलेला.

मला सगळ्यात जास्त आठवते ती एक बाभळीची जात. व्हिसलिंग थॉर्न म्हणतात तिला. काट्यांच्या बुडाशी लिंबाएवढ्या काळपट पोकळ गाठी, गाठींना बारीक भोकं, आत मुंग्यांची वस्ती. वारा सुटला की त्या भोकांतून शीळ वाजते. आम्ही इंजिन बंद करून बसलो होतो, शेजारी जिराफ. लांब जीभ काढून काट्यांमधला पाला अलगद ओढत होता. थोड्या वेळाने मुंग्या चवताळून तोंडावर चढल्या, तसं त्याने मान झटकली आणि पुढच्या झाडाकडे गेला. तिथेही तेच. मागे शहरातल्या अप्पर हिल भागातल्या काचेच्या इमारती.

लिहा तुमचेही. मोठ्या पार्कांचे धागे ढिगाने आहेत, इथे छोटी जंगलंच हवीत. नाकुरू, हेल्स गेट, अरुशा, काहीही चालेल.

स्नेहलता_क

हिप्पो पूल! गेली होतीस का गं? तिथे गाडीतून उतरून नदीकाठाने पायी जाता येतं, बंदूकवाला रेंजर सोबत असतो. पाणघोडा म्हणून नाकपुड्या आणि कान दिसले, बाकी सगळा पाण्याखाली. त्यातच माकडाने सासूबाईंच्या हातातली भाजीपोळीची गुंडाळी उचलली आणि समोरच्या फांदीवर बसून उलगडून खाल्ली. भाजी टाकून दिली, पोळी खाल्ली. सासूबाईंना चोरीपेक्षा भाजी टाकल्याचा राग जास्त.

पिंपळपान

हाहाहा. गेले होते. ती व्हर्व्हेट माकडं. त्यांच्या नरांचा 'तो' भाग निळाशार असतो, आणि आमच्या लेकाने भर पिकनिक स्पॉटवर मोठ्या आवाजात विचारलं होतं की असा का म्हणून. आसपास आणखी दोन मराठी कुटुंबं होती, अर्थातच.

बाबूराव_वर्धेकर

एप्रिलात जाऊ नका. लाँग रेन्स, म्हणजे तिथला मोठा पावसाळा. ती सगळी काळी कापसाची जमीन आहे, आपल्याकडची तीच हो, इंग्रजीत नावही तेच. मेव्हणा गाडी चालवत होता, मी शेतकऱ्याचा पोरगा, सांगतोय की बाबा रे मळलेली वाट सोडू नको, ही माती सोडत नसते. तो आयटीवाला. चारही चाकं गेली आत. आणि उतरायला बंदी! खाली उतरून दगड लावू म्हटलं तर बायको म्हणे गवतात काय बसलंय ते दिसतंय का तुम्हाला. गेटला फोन केला, लँडक्रूझर येईपर्यंत चिवडा संपला. समोर एक कोंगोनी (हरणासारखा प्राणी) उभं राहून आमच्याकडे बघत होतं. लांबोळकं तोंड, चेहऱ्यावर सगळ्या जगाचा कंटाळा.

अर्धवट

बाबूराव __/\__

कोकण_ते_किसुमू

रेल्वेचा पूल झाल्यापासून जावंसं वाटत नाही. सहा किमी लांब, पार्काच्या आरपार. २०१९ पासून नैवाशाच्या बाजूला गाड्या जातात त्यावरून. प्राणी खालून जातात म्हणतात. जातातही, मी जिराफ जाताना पाहिलाय. पण फोटो काढा कुठलाही, खांब आलाच.

मृगजळ

फोटोचं जाऊ द्या. पूल निदान वरून गेला, खालची जमीन राहिली. खरी गोची दक्षिणेला आहे. हे पार्क ११७ चौ.किमी.वर कधी जगलंच नाही. पाऊस पडला की झेब्रे, वाइल्डबीस्ट नदी ओलांडून अथी-कापितीच्या मैदानात पांगायचे आणि कोरड्यात पाण्यासाठी परत पार्कात यायचे. आता कितेंगेलाला प्लॉट पडलेत, कुंपणं आलीत, सिमेंटच्या गाड्या धावतात. मासाई जमीनमालकांना एकरी पैसे देऊन 'कुंपण घालू नका, जनावरं जाऊ द्या' अशी योजना २०००च्या सुमारास सुरू झाली होती. पण प्लॉटच्या भावापुढे ते पैसे किती पुरणार. मी तिथे पाच वर्षं काढली आहेत, पार्क छोटं म्हणून हिणवणाऱ्यांना मी आधी नकाशा दाखवतो.

सिंहही त्याच बाजूने बाहेर पडतात. मोहॉक नावाचा प्रसिद्ध नर होता, डोक्यावर आयाळीचा तुरा. २०१६च्या मार्चमध्ये दक्षिणेच्या इसिन्या गावाकडे गेला, गर्दी जमली, त्याने एकाला जखमी केलं आणि रेंजरांनी गोळ्या घातल्या. शहरभर हळहळ. पण ज्याची गाय रात्री गोठ्यातून जाते त्याने कुणापुढे हळहळायचं?

ओवी_म

मृगजळ, तो दिव्यांचा मुलगा आठवला का? रिचर्ड तुरेरे. पार्काला लागूनच घर, गुरं सांभाळायचं काम त्याच्याकडे. अकरा-बारा वर्षांचा असताना त्याच्या लक्षात आलं की हलता उजेड दिसला की सिंह जवळ येत नाहीत. मग जुनी बॅटरी, सोलर पॅनल आणि मोटारसायकलच्या इंडिकेटरचा डबा जोडून गोठ्याभोवती उघडझाप करणारे दिवे लावले. २०१३ला टेडच्या मंचावर बोलला. माझ्या शाळेतल्या पोरांना दरवर्षी दाखवते तो व्हिडिओ. गेल्या वेळी एकाने विचारलं, "मॅडम, बिबट्याला चालेल का?" जुन्नरचा आहे तो मुलगा.

बाबूराव_वर्धेकर

चालेल का खरंच?

ओवी_म

सांगता येत नाही हो. बिबट्या फार डोकेबाज. दुसरा धागा काढा.

शुभा_टोरांटो

हत्ती नाहीत कसं म्हणता? पार्काच्या कडेलाच शेल्ड्रिकचं हत्तींचं अनाथालय आहे. सकाळी ११ ते १२ बघायला सोडतात. लाल मातीने माखलेली पिल्लं रांगेने येतात आणि मोठाल्या बाटल्या सोंडेने धरून घटाघट पितात. आई गेलेल्या पिल्लांना गाईचं दूध पचत नाही. डाफ्नी शेल्ड्रिकबाईंनी किती वर्षं खटपट केली तेव्हा खोबरेल घातलेलं दूध जमलं. रात्री राखणदार पिल्लाबरोबर त्याच्याच खोलीत झोपतो, पिल्लाच्या अंगावर ब्लँकेट. एका पिल्लाने बाटली संपल्यावर राखणदाराच्या कोटाच्या खिशात सोंड घालून बघितलं. मोठे झाले की त्सावोच्या मोठ्या जंगलात नेऊन सोडतात.

माझ्या आईने लगेच निष्कर्ष काढला, "बघ, खोबरेल ते खोबरेल." ती मालवणची.

मंदार_ओक

हेल्स गेट. ६८ चौ.किमी. सायकलवर! भाड्याच्या सायकलला एकच ब्रेक लागत होता, पण झेब्र्यांच्या मधून सायकल हाणणं हे वेगळंच प्रकरण. जंगली डुकरांचं अख्खं कुटुंब शेपट्या ताठ उभ्या करून आडवं गेलं. वास येतो तो गंधकाचा, कारण पार्कातच ओल्कारियाचे वाफेवरचे वीजप्रकल्प आहेत, जाडजूड पाइप डोंगरावरून उतरलेले. घळीत उतरणार असाल तर वर डोंगरात पाऊस नाही ना हे आधी विचारा. २०१२ला अचानक लोंढा आला आणि माणसं गेली होती तिथे. आम्हाला टूरवाल्याने यातलं काही सांगितलं नव्हतं, स्थानिक गाइडने ढग बघून परत फिरवलं.

जयू

नाकुरूला दोनदा गेलेय. पहिल्यांदा तळ्याची कड गुलाबी. नंतर गेले तर पाणी इतकं चढलेलं की जुनं गेटच पाण्यात, आणि फ्लेमिंगो गायब. पाण्याचा खारेपणा कमी झाला की त्यांचं शेवाळ घटतं, मग ते बोगोरियाच्या तळ्याला जातात असं ड्रायव्हर म्हणाला. गेंडे मात्र भरपूर. काळा आणि पांढरा गेंडा, दोन्ही राखाडीच दिसतात!! तोंड बघायचं. चोचीसारखा ओठ तो काळा, झुडपं खातो. रुंद चपट्या तोंडाचा पांढरा, गवत खातो.

कोकण_ते_किसुमू

फ्लेमिंगो ऐरोलीला बघा आता. नाकुरूचं तिकीट वाचेल.

जयू

नेरूळला राहते मी :) गच्चीतून दिसतात. डासही दिसतात.

दादर_टीटी

१९८९ला काका नैरोबीत बँकेत होते. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष मोई यांनी पार्कात १२ टन हस्तिदंत जाळलं तो धूर त्यांना आठवतो. लोक म्हणत होते वेडे झालेत का, विकून शाळा काढा. मग २०१६ला तिथेच १०५ टन जाळलं. तोपर्यंत काका निवृत्त होऊन ठाण्यात. टीव्हीसमोर बसून म्हणाले, आता कळतंय. काय कळलं ते सांगितलं नाही. जागा अजून दाखवतात, पाटी आहे.

स्नेहलता_क

माझ्या मते जाळलं तेच बरोबर. गोदामात ठेवलं असतं तर मागच्या दाराने गेलंच असतं.

अर्धवट

पार्काला लागून असलेल्या लांगाटाला राहायचो. रात्री कधीकधी सिंहाचा आवाज यायचा. पहिल्यांदा ऐकला तेव्हा अस्करीला (वॉचमनला) विचारलं, तो म्हणाला "लांब आहे." किती लांब? "कुंपणाच्या पलीकडे." बरं. मी दार दोनदा लावलं.

बाकी धागा मस्त. ऑफिसात आहे, नंतर लिहितो.

(नंतर लिहिणार नाही, माहितेय.)

नवीन_पाहुणा

डिसेंबरात जातोय, फक्त चार दिवस, त्यात दोन कामाचे. मारा जमणार नाही. अर्ध्या दिवसात नैरोबी पार्क होईल ना? लस, व्हिसा वगैरेचं पण सांगा.

मृगजळ

होईल. पहाटे जा. व्हिसा नाही आता, जानेवारी २०२४ पासून ईटीए, म्हणजे प्रवासाआधी ऑनलाइन घ्यायची परवानगी. पिवळ्या तापाची लस निघायच्या किमान दहा दिवस आधी घ्या, परत येताना आपल्याकडच्या विमानतळावर पिवळं कार्ड मागतात. रेंजरने आत कुठे सिंह बसलाय ते सांगितलं तर तिकडे धावू नका, तिथे सगळ्या गाड्या असतात. धरणांपाशी जा, नागोलोमोन किंवा हायना डॅम. पक्षी बघा. मान ताठ ठेवून गवतातून चालणारा सेक्रेटरी बर्ड दिसला तर पैसे वसूल.

शुभा_टोरांटो

आणि पाण्याची प्लॅस्टिकची बाटली नेऊ नका, पार्कात २०२० पासून बंदी आहे. स्टीलची न्या.

बाबूराव_वर्धेकर

चिवडापण डब्यात. पिशवीत नको, प्लॅस्टिकच्या पिशव्या तर देशभर बंद आहेत.

नवीन_पाहुणा

धन्यवाद सगळ्यांना. स्वेटर लागेल का? आफ्रिका ना ती.

पिंपळपान

न्या हो. डिसेंबरात जुलैइतका गारठा नसतो, पण नैरोबी महाबळेश्वरहूनही उंचावर आहे. सहा वाजता व्हॅनचं छत उघडून उभे राहिलात की कळेल.